दीड दिवसाचं सुतक

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार
दुपारच्या हिंदी बातम्यांत भूकंप. लातूर, उस्मानाबाद. पहाटे चारच्या सुमाराला, माणसं झोपेत असताना. सुमती वांगी चिरत होती, ती तशीच राहिली. तिचं माहेर उमरग्याच्या बाजूला. ह्या घरात देशावरून आलेली ती पहिली सून. जाऊ म्हणून आली खरी, पण वयाने माझी मुलगीच शोभेल.
"अक्का, आमच्या गावाचं नाव घेतलं का हो त्यांनी?"
नाही म्हटलं. "मग बरंय की," म्हणाली आणि विळीवर परत बसली. वांगी मात्र पाण्यात टाकायची विसरली, सगळी काळी पडली.

१ ऑक्टो., शुक्र.
तमिळ पेपरात नकाशा आलाय. तिचं गाव त्यात आहे. तिला तमिळ वाचता येत नाही. मी पेपर घडी करून तांदळाच्या डब्यामागे ठेवला, संध्याकाळी वेंकट भाऊजी बँकेतून आल्यावर त्यांनाच सांगू दिलं. नवऱ्याने सांगितलेलं बरं, असं मी स्वतःला म्हटलं. खरं म्हणजे माझी जीभ उचलली नाही.
भाऊजी दोन तास कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये. सोलापूरला सु.चे मामा असतात, त्यांच्या शेजाऱ्यांचा नंबर. लागत नाही.

३ ऑक्टो., रवि.
आमच्या पुढच्या खोलीत सभेची बैठक. सभा म्हणजे राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांतली, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली आम्ही मराठी घरं, आणि सेक्रेटरी म्हणजे हे. एरवी सभेचं काम वर्षातून दोनदा, एकदा हळदीकुंकू आणि एकदा भांडण. आज सगळ्यांनाच उमाळा. "आमचे लोक तिकडे मातींत गेलेत, आम्हीं असके मिळून कांहीं करूंया कीं," असं म्हणताना माधवराव रडले. माधवरावांना मराठवाडा कुठे आहे ते मीच नकाशात दाखवलं.
कुणी म्हणे कपडे, कुणी तांदूळ. मग ह्यांना सुचलं : गाणं. मराठी गाणं, त्याची कॅसेट काढायची, विकून मदत पाठवायची. आणि माझ्याकडे वळून, "ही करील गाणें."
चोवीस वर्षं झाली लग्नाला. तिरुवैयारुला सहा वर्षं गाणं शिकले होते मी, गुरूंनी कच्चेरीसाठी, मैफलीत सुरुवातीला गातात ते वर्णम् बसवून घेतलं होतं. लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या, आपल्या घरच्या बायका चारचौघांत बसून गात नाहीत. ह्यांनी तेव्हा तोंडातून ब्र काढला नाही. पोरांना हिंदी शिकवायची तेवढी मुभा मिळाली, कारण हिंदीत सूर लागत नाही.
आज ह्यांनी विचारलं आणि मी हो म्हटलं. नाही म्हणून बघावं एवढासुद्धा मान राहिला नाही मला.

६ ऑक्टो., बुध.
गाणं झालं. आज्जी ओव्या म्हणायची तशाच साध्या ओळी.

भुई माझी माय, कां गे कूस वळलीस,
निजल्या लेकरांना कां गे जागें न केलेंस

माधवरावांना मुखारी राग हवा होता. रडायचं म्हणजे इथे मुखारीच. मी नीलांबरी घेतली, अंगाई गातात ती. माणसं झोपेत गेली ना.
सभेच्या घरांतल्या मुलींना बसवलं. मराठी कळतं सगळ्यांना, बोलायला सांगितलं की तमिळ. शब्द तमिळ अक्षरांत लिहून दिले. सूर बरोबर, पण तोंडात गरम भात असल्यासारखं गातात. मी डोक्याला हात लावून बसले, आणि मागे पाटा-वरवंट्याजवळ सुमती आपल्या आपण गुणगुणत होती. शिकलेला गळा नाही. सरळ, उघडा, शेतातून हाक मारतात तसा आवाज. "जागें न केलेंस" तिने म्हटलं आणि मी उठून तिला पुढे आणून बसवलं.
झालं. बाकीच्या मुली कोरसला.

७ ऑक्टो.
सु. ह्यांच्यासमोर उभी राहिली. एवढं धाडस पहिल्यांदाच. "मला गावाकडं जायचंय." हे म्हणाले रस्ते बंद आहेत, मिलिटरी आहे, पत्र नाही, तार नाही, कुठे जाशील? "कार्यक्रम होऊं दे. मग आम्हींच पाठवूं तुम्हां दोघांस, मदतीबरोबर." तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. काय म्हणून हलवली?
"बगा, मी गाते," ती म्हणाली, "पण मग लगेच पाठवा मला."

९ ऑक्टो., शनि.
तारखेवरून वाद. पितृपक्ष चालू आहे, शुभ काही करता येत नाही. मी म्हटलं, भूकंपात गेलेल्यांचं काम पितृपक्षात नाही तर कधी करायचं? सगळे माझ्याकडे सोवळ्यात शिवल्यासारखे बघायला लागले. तर रविवारी, १७ ला. नवरात्राचा दुसरा दिवस, संध्याकाळी चार. तिरुच्चीचा रेकॉर्डिंगवाला त्याच दिवशी मोकळा, तो समोर बसून थेट उतरवून घेणार. एकदाच. पाहुणे कुणी मोठे अधिकारी. त्यांना पोन्नाडै. मग अध्यक्षांनाही हवी, मग माधवरावांनाही. तिकडे लोकांच्या अंगावर पांघरूण नाही आणि इथे जरीच्या शालींचे रंग ठरताहेत.

१३ ऑक्टो., बुध.
तालीम. आज पूर्ण गाणं न थांबता झालं. मी तंबोऱ्यावर, सु. शेजारी. कार्यक्रमातही मीच तंबोऱ्यावर बसणार, स्टेजवर, हे हो म्हणाले. चोवीस वर्षांनी.
रोज सकाळी उठते आणि आधी गाणं आठवतं, मग भूकंप. हे कुणाला सांगायचं? मी सुखात आहे. माहेरची खबर नाही अशी पोरगी शेजारी बसवून मी सुखात आहे, लाज वाटते. पण आहे.

१५ ऑक्टो., शुक्र.
महालय अमावास्या. पहाटेपासून सोवळ्यात, ओलेत्याने श्राद्धाचा स्वयंपाक. अकराच्या सुमाराला दारात गोविंदसामी, तारेचा माणूस. "अम्मा, तार!" सोवळ्यात कागदाला हात लावायचा नाही. ओट्यावर ठेव म्हटलं. "सही?" "कसली सही, स्वयंपाक चाललाय माझा." तो हसला. अमावास्येला आणि श्राद्धाला ह्या घरची सही तोच ठोकतो, तमिळमध्ये माझं नाव घालून. किती वर्षं झाली. वाईट अक्षर आहे त्याचं.
सु. मागे विहिरीवर. हे तर्पण करून आले, तार उघडली, वाचली.
"कुणाची?"
"पाहुण्यांची. येतायत म्हणे."
वड्यांचं तेल तापलं होतं, मी आत गेले.

१६ ऑक्टो., शनि.
नवरात्र बसलं. बाहुल्यांच्या पायऱ्या मांडायची वेळ बघायला पंचांग काढलं, तर आत तार. इंग्रजीत. सुमतीचे आई-वडील दोघेही गेले. दिगंबर सोलापूरच्या इस्पितळात, गंभीर, बहिणीला विचारतो आहे. ताबडतोब पाठवा. मामा.
दिगंबर म्हणजे तिचा दादा. लग्नात तिला उचलून गाडीत बसवणारा.
ह्यांना कोठीच्या खोलीत गाठलं. अजिबात गडबडले नाहीत. हिशेब तयार होता. "कळलें तर सुतक. न कळलें तर नाहीं. दहा दिवस उलटलेत, म्हणजे लेकीला दीड दिवसाचें. आज सांगितलें तर उद्यां सूर्य मावळेपर्यंत. कार्यक्रम चारला. जांवयालाही लागतें, म्हणून वेंकटालाही बोललों नाहीं."
"दोघं गेलेत हो तिचे."
"उद्यां संध्याकाळींही गेलेलेच असतील."
"आणि दिगंबर?"
"इस्पितळांत आहे ना? डॉक्टर आहेत." मग माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे, "मी अडवत नाहीं. जा, सांग. गाणें तुझें आहे."
मी स्वयंपाकघरात गेले. सु. नवरात्राच्या सुंडलचे, उसळीचे हरभरे निवडत होती. मान वर करून, "अक्का, काय झालं?"
मी म्हटलं, "काही नाही. वरचा 'नि' जरा खाली येतोय तुझा. तेवढा सांभाळ."

१७ ऑक्टो., रवि.
लिहायचं आहे ते सरळ लिहिते. काल सांगू शकले असते, रात्रीच्या गाडीला बसवता आलं असतं. सुतकाची भीती मला नव्हती, पंचांग त्यांचं. मला कार्यक्रम हवा होता. मला तो आवाज माझ्या गाण्यात हवा होता, आणि मला तंबोरा घेऊन चारचौघांत बसायचं होतं. बाकी सगळं निमित्त.
हॉल भरला. उभे होते लोक. सु.ने माझी निळी साडी नेसली, गजरा मीच माळला. गायली. 'नि' चढा लागला, जिथे हवा तिथे. "निजल्या लेकरांना कां गे" म्हणताना बायकांनी पदर डोळ्यांना लावले. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, दुसऱ्यांदा घ्यायला नको. पाहुण्यांनी तिला पोन्नाडै घातली आणि म्हणाले, ह्या मुलीच्या रूपाने ती माती इथे आली आहे. ती माती पोरकी होती आणि ते हॉलमध्ये आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. हे पहिल्या रांगेत डोळे पुसत होते. खरे होते ते अश्रू, मी ओळखते. ह्याचंच जास्त भय वाटतं.
मी रडले नाही. तंबोरा शेवटपर्यंत सुरात होता.
सूर्य मावळल्यावर, घरी, ह्यांनी भाऊजींना बाजूला घेतलं. "तार आली. आतांच." सुमतीने हंबरडा फोडला नाही. भिंतीला टेकून बसली. मग गजरा काढला, बघितला आणि म्हणाली, "अक्का, मी आज फुलं माळली हो. शाल घेतली अंगावर." तिला वाटतंय दोष तिचा. मी तिच्या डोक्यावर पाणी घातलं. बादली रिकामी होईपर्यंत घालत राहिले.

१८ ऑक्टो., सोम.
संध्याकाळच्या गाडीने दोघं निघाली. मद्रास, मग सोलापूर. गाडी हलताना खिडकीतून म्हणाली, "गाणं चांगलं झालं ना अक्का?"

१९ ऑक्टो., मंगळ.
कॅसेटचं कव्हर छापून आलं. शब्द आणि संगीत, खाली माझं नाव. पूर्ण, ह्यांच्या नावासकट. जन्मात पहिल्यांदा छापलेलं. तीनदा बघितलं. दुपारी चौथ्यांदा.

२१ ऑक्टो., गुरु.
ह्यांच्या ऑफिसात भाऊजींचा फोन. दिगंबर मंगळवारी दुपारी गेला. सु. बुधवारी पोचली.
दोन्ही पाय चिरडलेले. सोमवारपर्यंत शुद्धीवर होता, बोलत होता.
हे "नशीब" म्हणाले. मी म्हटलं, शुक्रवारी निघाली असती तर रविवारी पोचली असती. त्यावर, "आणि तूं? तूं काय शेजारच्या घरांत होतीस?"
नवरा वाईट आहे म्हणून रडायची सोयसुद्धा ठेवली नाही मी स्वतःला.

२४ ऑक्टो.
दसरा. कॅसेट चांगली खपतेय. बाजारात भांड्यांच्या दुकानात वाजत होती. दुकानदार म्हणाला, पाट्टी, शब्द कळत नाहीत पण परत परत लावतो. पाट्टी, म्हणजे आजी म्हणाला. सत्तेचाळीस वर्षांची आहे मी. पुढच्या गल्लीत वाजायला लागली तेव्हा मी रस्ता बदलला.

५ नोव्हें., शुक्र.
सुमतीचं पत्र. ती सोडली तर देवनागरी ह्या घरात मलाच वाचता येते, त्यामुळे पत्र माझं आणि ही वहीही सुखरूप. चार पानं आहेत. घराच्या जागी नुसता दगडांचा ढीग, जातं सापडलं, आईचं काही सापडलं नाही. मग शेवटी :
"अक्का, मामा म्हणतात त्यांनी तार चौदाला दुपारी टाकली. आपल्याकडं सतराला संध्याकाळी पोचली. तीन दिवस कुठं होती ती? दादा सोमवारपर्यंत वाट बघत होता, सुमी गाडीत बसली असंल म्हणायचा. मामांनी तारखात्याकडं तक्रार केलीय. तारेचा कागद लागतो, त्यावर शिक्का असतो म्हणं. तुम्ही जपून ठेवला असंल, पाठवून द्या. ज्यानं माझी तार दाबून ठेवली त्याचं वाटोळं हो. असं लिहू नये, पण लिहिते. तुमच्याजवळ नाही तर कुणाजवळ लिहू?"
तारेचा कागद माझ्यापाशी आहे. शिक्का स्पष्ट आहे, पंधरा.

७ नोव्हें., रवि.
ह्यांना पत्र वाचून दाखवलं. 'वाटोळं हो'पर्यंत. "हरवली म्हणून कळव. झांकली मूठ सव्वा लाखाची."
म्हटलं, चौकशी गोविंदसामीवर येईल. तर म्हणे, कां, त्याच्याकडे पावती आहे की, तारीख आहे, सही आहे. तेव्हा सांगितलं, सही माझी नाही, त्याची आहे. मी सोवळ्यात होते. माझ्या सहीचा नमुना मागितला की पकडला जाईल. खोटी सही करून तार स्वतःकडे ठेवली, असंच दिसणार ते.
ह्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता तरी. मग म्हणाले, "म्हणजे त्याने नियम मोडला. मोडला की नाहीं?"
जेवायला वाढलं. जेवले. मीही जेवले.

९ नोव्हें., मंगळ.
गोविंदसामी स्वतः आला. हे घरी नाहीत असं बघून आला असावा. सायकल बाहेर, चपला बाहेर, ओट्याच्या खालीच उभा.
"अम्मा, वरून कागद आलाय. मी पंधरालाच दिली ना? तुम्ही स्वयंपाकात होता, मी ओट्यावर ठेवली. आठवतंय ना?"
आठवतंय म्हटलं.
"साहेब गुरुवारी तुमच्याकडे येतील विचारायला. सही तुमचीच आहे, पंधराला मिळाली, एवढंच सांगा अम्मा. दोन वर्षं उरलीत नोकरीची." मग जाता जाता, पॅडलवर पाय ठेवून, "ती पाप्पा, धाकटी पोर, कशी आहे? तार वाईट होती ना? आमच्या ऑफिसात मजकूर उतरवतानाच कळलं होतं, म्हणून त्या दिवशी जेवायला न जाता आधी इकडे आलो."
त्याने उन्हात सायकल मारून आणली. अकराला. मी वडे तळत होते.

१० नोव्हें.
हे म्हणतात, साहेब आले की तूं आंत राहा, मी बोलेन. काय बोलणार? "वयस्कर माणूस आहे, विसरला असेल, आम्हांस सतराला मिळाली, पण आमची त्याच्याविरुद्ध तक्रार नाहीं." म्हणजे त्याला बुडवायचं आणि वर उपकारही करायचे. पाठ केल्यासारखं दोनदा म्हणून दाखवलं.
खरं सांगितलं तर गोविंदसामी वाचेल. आणि सुमतीला कळेल. भाऊजींना कळेल. दोन भाऊ एका घरात राहणार नाहीत मग. ती पोर परत ह्या उंबऱ्यात पाय ठेवील असं वाटत नाही, आणि तिला दुसरा उंबरा उरलेला नाही. हेच कारण मी स्वतःला दिवसभर देते आहे. चांगलं कारण आहे. त्या शनिवारीही माझ्याकडे चांगलीच कारणं होती.

११ नोव्हें., गुरु.
साहेब दहाला येणार. ह्यांनी रजा टाकली आहे, इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खोलीत बसलेत. मला दोनदा कॉफी करायला सांगितली, म्हणजे मी आत राहीन. तारेचा कागद मी पंचांगातून काढून कमरेला खोवलाय, हे त्यांना ठाऊक नाही. बाहेर जाईन का, मलाही ठाऊक नाही.
सुमतीला परवापासून पत्र लिहिते आहे. पुढे जात नाही. "तार शुक्रवारी आली" एवढं लिहून झालं. त्यापुढे "मला शनिवारी कळलं आणि मी बोलले नाही" असं हवं. चार कागद फाडले. चारही वेळा हाताने 'मी'च्या जागी "ह्यांनी" असंच लिहिलं.
साडेनऊ. पाचवा कागद घेतलाय. बाहेर दोन सायकली थांबल्या.